स्टिअरिंगची मूळ लकाकी

एक सोपा प्रश्न विचारतो. मोटारीच्या कोणत्या भागाला माणसाचा हात सगळ्यात जास्त वेळ लागतो? दाराला? छे, दार एकदा उघडायचं आणि एकदा लावायचं. गिअरच्या दांड्याला? तो मधूनमधून लागतो. पण गाडी सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत हात ज्याला सोडत नाही, असा भाग एकच. स्टिअरिंग!

म्हणूनच जुन्या गाडीचं स्टिअरिंग नीट पाहिलं, तर ती गाडी कुणी आणि कशी चालवली हे कळतं. एका बाजूला रंग जास्त उडालेला असेल, तर चालक एका हाताने चालवणारा होता. हॉर्नचं बटण गुळगुळीत झालं असेल, तर गाडी बरीच गर्दीतून फिरली आहे. आणि ठिकठिकाणी तडे गेले असतील, तर तिने बरेच उन्हाळे उघड्यावर काढले आहेत.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला मोटारी काही नव्या नाहीत. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे आणि शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा. तिथून कोऱ्या गाड्या बाहेर पडतात. पण आज आपण नव्या गाडीबद्दल बोलायचं नाही. चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या गाडीचं काळवंडलेलं, तडकलेलं स्टिअरिंग पुन्हा मूळ रूपात कसं आणतात, ते पाहायचं. आणि हे काम नीट समजून घेण्यासाठी मध्येच आपण एक छोटी सहल काढणार आहोत. कुठे? थेट अजिंठ्याला! स्टिअरिंगचा आणि अजिंठ्याचा काय संबंध, असं विचारू नका. तो पुढे कळेलच.

आधी दांडा, मग चाक

अगदी पहिल्या मोटारींना गोल स्टिअरिंग नव्हतंच. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असायचा. तो इकडे-तिकडे ढकलला की गाडी वळायची. वेग कमी होता, तोवर ते चाललं. जुलै १८९४ मध्ये फ्रान्समध्ये पॅरिस ते रूआं अशी मोटारींची मोठी स्पर्धा झाली. तिच्यात आल्फ्रेड वाशेरॉन नावाच्या चालकाने आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजी गोल चाक बसवलं होतं. ही सोय इतकी पटली, की काही वर्षांतच दांडे मागे पडले.

जुन्या गाड्यांची स्टिअरिंग आजच्यापेक्षा मोठी का असायची, ठाऊक आहे? त्या काळी पॉवर स्टिअरिंग नव्हतं. पुढची चाकं वळवायची ती चालकाच्या मनगटाच्या जोरावर. शाळेत तुम्ही तरफ शिकला आहात ना? दांडा जितका लांब, तितका जोर कमी लागतो. इथेही तेच. चाक जितकं मोठं, तितकं फिरवायला सोपं. म्हणून सुमारे चाळीस सेंटिमीटर व्यासाची, बारीक कडेची मोठाली चाकं असायची.

वरून एक, आतून दुसरंच

स्टिअरिंग वरून काळं, पांढरं किंवा लाकडी दिसलं, तरी आत बहुतेक वेळा पोलादाचा सांगाडा असतो. जोर तो सांगाडा सोसतो. वरचं आवरण हाताला धरायला बरं वाटावं म्हणून असतं. हे आवरण कशाचं आहे, यावर पुढची सगळी दुरुस्ती अवलंबून असते.

सुरुवातीच्या गाड्यांत लाकडी कडा असत. लाकडाचे वाकडे तुकडे एकमेकांत गुंतवून, चिकटवून गोल पूर्ण करायचे आणि वर पॉलिश करायचं. मग आलं कडक रबर, म्हणजे एबोनाइट. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाने १८३९ मध्ये रबर आणि गंधक एकत्र तापवून टिकाऊ रबर करण्याची युक्ती शोधली. त्यात गंधक भरपूर घातलं, की रबर लाकडासारखं कडक होतं. त्याचीच ही चाकं. पुढे निरनिराळी प्लॅस्टिक्स आली. त्यांत कापूस किंवा लाकूड यांतल्या सेल्युलोजपासून केलेलं सेल्युलोज ॲसिटेट खूप वापरलं गेलं. हस्तिदंती रंगाची सुंदर स्टिअरिंग बऱ्याचदा त्याचीच असायची.

जाणते कारागीर हात लावून आणि वास घेऊनच आवरण ओळखतात. एबोनाइट अंगठ्याने जोरात घासलं, की गंधकाचा हलकासा वास येतो. वर्षानुवर्षं उन्हात राहिलं, की ते काळ्याचं हिरवट-तपकिरी होतं. खराब होऊ लागलेल्या सेल्युलोज ॲसिटेटला चक्क व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. सेल्युलॉइड असेल, तर घासल्यावर कापराचा वास येतो, कारण ते बनवतानाच कापूर वापरतात. हे सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. तेव्हा ओळखण्यासाठी तुकडा जाळून पाहण्याचा उद्योग कुणीही करायचा नाही, बरं का!

तडे का जातात?

आता एक छोटंसं गणित करू या. कागद-पेन्सिल घ्या.

स्टिअरिंगचा व्यास ४० सेंटिमीटर धरला, तर त्याचा परीघ झाला सुमारे १२६ सेंटिमीटर. आपल्याकडे थंडीतल्या पहाटे तापमान १० अंशांपर्यंत उतरतं. आणि मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेली गाडी आतून ६० अंशांपर्यंत तापू शकते. म्हणजे फरक ५० अंशांचा. एवढ्या फरकाने त्या १२६ सेंटिमीटर पोलादाची लांबी वाढते साधारण पाऊण मिलिमीटर. पण तेवढ्याच लांबीचं सेल्युलोज ॲसिटेट वाढू पाहतं जवळजवळ ६ मिलिमीटर! आठपट!

पोलाद आणि प्लॅस्टिक तर एकमेकांना घट्ट चिकटलेले. एकाला थोडंच हलायचंय, दुसऱ्याला खूप. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालते. त्यातच जुन्या प्लॅस्टिकमधली त्याला लवचीक ठेवणारी द्रव्यं हळूहळू उडून जातात, आणि ते आक्रसतं. आतलं पोलाद मात्र आहे तेवढंच राहतं. अंगरखा आटला आणि माणूस आहे तसाच राहिला, तर काय होईल? शिवण उसवेल! स्टिअरिंगचे तडे म्हणजे ही उसवलेली शिवण. म्हणूनच ते बहुतेक वेळा आडवे जातात, आणि जिथे आरे कडेला मिळतात तिथे आधी दिसतात.

मूळ रंग कुठे लपलाय?

समजा, एका घरी आजोबांची जुनी फियाट आहे. तिचं स्टिअरिंग काळपट, चिकट दिसतं. पण ते मुळात काळं होतं का? हे कसं ओळखायचं?

इथे गुप्तहेरासारखं डोकं चालवावं लागतं. स्टिअरिंगवर अशा काही जागा असतात, जिथे ना हात पोचतो, ना ऊन. मधल्या हॉर्नच्या बटणाखाली, कडेच्या मागच्या बाजूला, आऱ्यांच्या बेचक्यात. तिथे कापूस थोडा ओला करून हलकेच फिरवला, की कारखान्यातून निघालेला खरा रंग दिसतो. पुष्कळदा असं होतं, की ज्याला आपण काळा रंग समजतो, तो हाताचा घाम, तेल आणि धूळ यांचा वर्षानुवर्षं बसलेला थर असतो. सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने दोन-चार दिवस थोडं थोडं पुसलं, की खालून मूळ लकाकी जशीच्या तशी वर येते. मग ना घासायची गरज, ना रंगवायची!

आणि इथेच सगळ्यात मोठी घाई होते. "काय मळकट दिसतंय! काढा पॉलिश पेपर, घासा आणि मारा नवा रंग!" असं म्हणून कुणी अर्ध्या तासात स्टिअरिंग घासून काढतं. मळ जातो हे खरं. पण मळाबरोबर कारखान्याचा मूळ थरही जातो. कडेवर बोटं बसावीत म्हणून ठेवलेल्या बारीक खाचा सपाट होतात. आणि एकदा गेलेलं ते परत येत नाही. नवा रंग कधीही देता येतो. जुना रंग मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही.

चला अजिंठ्याला!

आता ती ठरलेली सहल. आपल्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला असता त्याला ती दिसली. त्याने दहाव्या लेण्यातल्या चित्राच्या खांबावर आपलं नाव कोरून ठेवलं, ते आजही आहे. तुम्ही मात्र तसं काही करू नका!

अजिंठ्याची चित्रं कशी काढली होती? खडकावर आधी माती, भाताचा कोंडा आणि गवताचे तंतू यांचा गिलावा. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि तो वाळल्यावर दगड-मातीपासून केलेले रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून दिलेले. म्हणजे रंगाचा थर अगदी नाजूक, वरच्यावर बसलेला. दहाव्या लेण्यातली काही चित्रं तर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत.

त्या वेळी हा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. चित्रांचे पोपडे सुटू लागले होते. तेव्हा निजाम सरकारने इटलीहून दोन जाणकार बोलावले, लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी इथे काम केलं. सुटलेला गिलावा त्यांनी जागच्या जागी पक्का केला. ते काम मोलाचं होतं. पण त्यांनी चित्रांवर एक पारदर्शक लेपही दिला. रंग उजळ दिसावेत आणि सुरक्षित राहावेत म्हणून. तो लेप होता लाखेचा!

लाख तुम्हाला ठाऊक आहे. लाखेच्या बांगड्या, टपालातलं लाखेचं सील आणि महाभारतातलं लाक्षागृह! पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर एक चिमुकला किडा राहतो, त्याच्या अंगातून ही लाख पाझरते. ती शुद्ध केली, की पातळ पापुद्र्यांसारखा चपडा मिळतो. तो स्पिरिटमध्ये विरघळवला, की झालं लाखेचं पॉलिश. आपले सुतार लाकडी सामानावर हेच पॉलिश देत आले आहेत. जुन्या काळच्या मोटारींतल्या लाकडी भागांवरही हे पॉलिश दिलेलं सापडतं. पाहा, जुळला की नाही संबंध!

लाकडावर लाख शोभते. पण अजिंठ्याच्या भिंतीवर काय झालं? काळ जाऊ लागला, तसा लेप पिवळा पडला. मग तपकिरी झाला. त्यावर धूळ आणि काजळी बसली. लेप आक्रसला, तसा तो खालच्या रंगालाही ओढू लागला. चित्रं उजळवण्यासाठी दिलेल्या लेपामागे चित्रंच झाकली गेली. पाहणाऱ्यांना वाटे, ही चित्रं मुळातच अशी मंद, पिवळट असावीत.

ताजी लाख स्पिरिटमध्ये चटकन विरघळते. पण जुनी झाली, की तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि ती हट्टी होते. जास्त तीव्र द्रावण वापरावं, तर खालचा नाजूक रंगच निघायचा! १९९९ पासून पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांनी, राजदेव सिंह यांच्या नेतृत्वाखाली, दहाव्या लेण्यातला हा थर काढायला घेतला. एका वेळी जेमतेम तळहाताएवढा तुकडा. आधी पाहायचं, मग थोडं करायचं, मग पुन्हा पाहायचं. काम वर्षानुवर्षं चाललं. आणि त्या तपकिरी थराखालून चेहरे, डोळे, दागिने पुन्हा दिसू लागले.

इटलीच्या त्या जाणकारांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या काळी असे लेप देणं ही मान्य पद्धत होती. पण त्यातून आज सगळे एक गोष्ट शिकले आहेत. जुन्या वस्तूवर असं काहीही लावू नये, जे पुढच्या माणसाला काढता येणार नाही. भिंत असो की स्टिअरिंग, नियम तोच.

मग कारागीर करतात काय?

आता परत गाडीपाशी येऊ. जाणता कारागीर स्टिअरिंगचं काम कसं करतो, ते टप्प्याटप्प्याने पाहा.

पहिली पायरी, फोटो. सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे. कुठे तडा आहे, कुठे किती रंग उरलाय, हे वहीत लिहायचं. कारण दुरुस्तीनंतर "आधी कसं होतं?" असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला फक्त ही नोंदच उरते.

दुसरी पायरी, उतरवणं. आधी बॅटरीची तार काढायची, कारण हॉर्नची वायर याच चाकातून जाते. मग मधला मोठा नट. चाक आणि दांडा यांवर जुळणारी खूण करून ठेवायची, नाहीतर परत बसवताना गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं दिसतं! चाक दांड्याच्या खाचांवर घट्ट बसलेलं असतं. ते हातोडीने ठोकायचं नाही, पुलर लावून सावकाश ओढायचं. हे काम मोठ्यांचं, आणि तेही मेकॅनिकचं. एअरबॅग असलेल्या नव्या गाडीच्या स्टिअरिंगला तर कुणीही उगाच हात लावायचा नाही.

तिसरी पायरी, धुणं-पुसणं. याबद्दल वर सांगितलंच आहे. पुष्कळ स्टिअरिंगचं काम इथेच संपतं.

चौथी पायरी, तडे भरणं. तडा वरून नुसता बुजवला, तर तो काही महिन्यांत पुन्हा उघडतो. म्हणून आधी तो थोडा मोठा करायचा! चमत्कारिक वाटतं ना? पण बारीक कानशीने त्याची इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच करतात. आत पोलादावर गंज असेल, तर तो खरवडून काढतात. मग दोन नळ्यांतली द्रव्यं मिसळून कडक होणारं इपॉक्सी त्यात भरतात. ते दिवसभर नीट वाळू देतात. मग कानस, आणि त्यानंतर वॉटर पेपर, आधी १२० नंबरचा, मग २४०, ४०० आणि शेवटी ६००. नंबर जितका मोठा, तितका कागद मऊ. कागद पाण्यात बुडवून घासतात, म्हणजे धूळ उडत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ते छातीत जाणं वाईट.

पाचवी पायरी, रंग. इथे एक पेच आहे. जुन्या प्लॅस्टिकचा रंग वरून दिलेला नसतो, तो आरपार असतो, जसा गाजराचा. पण भरलेले तडे वेगळ्या रंगाचे दिसतात, म्हणून तिथे रंग द्यावाच लागतो. कोणता? हॉर्नच्या बटणाखाली लपलेला तो खरा रंग आठवतो ना? त्याच्याशी जुळवून रंग तयार करायचा. पातळ पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा. एकच जाड हात दिला, तर ओघळ येतात.

लाकडी कडा असेल, तर गोष्ट वेगळी. आधी लपलेल्या जागी स्पिरिटचा एक थेंब ठेवून पाहतात. पॉलिश मऊ पडलं, तर ती लाख आहे. मग जुनं सगळं काढायची गरजच नसते. नवी लाख जुन्या लाखेत मिसळून एकजीव होते. सुती फडक्यात कापसाचा बोळा गुंडाळायचा, तो लाखेच्या पॉलिशमध्ये थोडासा बुडवायचा आणि हलक्या हाताने गोल गोल फिरवायचा. लाखेचं वैर मात्र पाण्याशी. ओल लागली, की पांढरे डाग पडतात. स्पिरिटने मऊ पडलं नाही, तर ते दुसरं कसलं तरी व्हार्निश आहे, आणि त्यावर उपायही दुसरा.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही सगळी सजावट वरच्या आवरणाची झाली. आतला पोलादी सांगाडाच गंजून खचला असेल किंवा वाकला असेल, तर ते चाक कितीही सुंदर दिसलं, तरी गाडीत बसवायचं नाही. ते भिंतीवर टांगायचं आणि गाडीला दुसरं धडधाकट चाक लावायचं. लकाकीपेक्षा जीव मोठा.

नवं की मूळ?

"एवढा खटाटोप कशाला? नवं स्टिअरिंग विकत आणा की!" असं कुणी म्हणेल. तेही खोटं नाही. रोजच्या वापरातल्या गाडीला तेच बरं.

पण काही गाड्या रोजच्या राहिलेल्या नसतात. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होऊ लागली आणि पुढे तीच पद्मिनी झाली. तुमच्या आई-बाबांना विचारा, तिचा गिअर कुठे होता? पायाशी नव्हे, स्टिअरिंगच्या खालीच! मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असं समीकरणच होतं. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. एके काळी हजारोंनी दिसणारी गाडी! म्हणजे आता जी काही उरली आहे, ती कुणीतरी जपली म्हणूनच.

सरकारनेही हे मानलं आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संघटनेने, 'फिवा'ने, २०१३ मध्ये ट्युरिनची सनद म्हणून नियमावली मान्य केली. तिचा सारांश असा, की जेवढं जपता येईल तेवढं जपा, बदलावं लागलं तर कमीत कमी बदला आणि जे केलं त्याची नोंद ठेवा.

आपल्या बीबी का मकबऱ्याचंच पाहा ना. त्याचा संगमरवर सगळीकडे नाही. भिंतींवर खालच्या पट्ट्यात संगमरवर आहे आणि वर बराचसा भाग घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा आहे. अशा चुन्यावर सिमेंट थापलं, तर ओल आत कोंडते आणि गिलावा फुगतो. म्हणून चुन्याला चुनाच लावायचा. लाखेला लाख, चुन्याला चुना!

मग हाताने झिजलेली ती एक जागा, तिचं काय करायचं? तिथला रंग आजोबांच्या अंगठ्याने गेलाय. तो भरून काढायचा की तसाच ठेवायचा? याचं उत्तर कोणत्याही नियमात नाही. तडा हा दोष आहे. तो वाढत जातो आणि हाताला लागतो. तो भरायलाच हवा. पण झीज हा दोष नव्हे. त्या जागेने गाडीचं काही बिघडत नाही. पुष्कळ कारागीर मालकाला विचारतात, "हे राहू द्यायचं का?" आणि पुष्कळ मालक म्हणतात, "राहू द्या."

तुम्हीही करून पाहा

तुमच्या घरी जुनी मोटार नसेल. पण जुनी वस्तू नक्की असेल. आजीची लाकडी पेटी, देवघराचा पाट, जुना रेडिओ, हार्मोनियम, शिवणयंत्राचं झाकण. आई-बाबांना विचारून एक निवडा. पाणी लागलेलं चालेल की नाही, तेही त्यांनाच विचारा. विजेची वस्तू असेल, तर आधी प्लग काढायला सांगा.

मग वहीत तीन गोष्टी लिहा. एक, ही वस्तू कशाची आहे? दोन, तिचा मूळ रंग कुठे लपलाय? मागे, तळाशी, कडीखाली शोधा. तीन, ती कुठे झिजली आहे आणि कुणाच्या हाताने?

त्यानंतर मागच्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, पिळून काढलेल्या फडक्याने हलकेच पुसा. फडक्यावर वस्तूचा रंग आला, तर लगेच थांबा. नुसता मळ आला, तर थोडं पुढे जा. पॉलिश पेपर, थिनर, स्पिरिट यांना हात लावायचा नाही, ती मोठ्यांची कामं. पुसलेली आणि न पुसलेली जागा शेजारी शेजारी ठेवून पाहा, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ जाऊन बसा. वही मात्र बरोबर न्या. एक पान पुरणार नाही.